वसुधाताईंचं एक वाक्य

आमच्या शेजारच्या वसुधाताई साळवे मेनोनाइट ख्रिस्ती आहेत. हा युद्ध निषिद्ध मानणारा पंथ; त्यातले काही जुन्या वळणाचे लोक अजून घोडागाडीनेच फिरतात. हे कळल्यावर अमेरिकेतल्या डब्लिनच्या आमच्या मराठी मंडळात पहिला प्रश्न आला, "मग घोडागाडी कुठे लावता?"

"गराजमध्ये," ताई म्हणाल्या. "बॉनेट उघडून बघा, घोडा आतच असतो."

ताईंचा जन्म धमतरीच्या मिशन हॉस्पिटलातला. वडील नागपूरचे, त्याच हॉस्पिटलात कंपाउंडर. ताईंची नोकरी शेजारच्या कोलंबस शहरातल्या एका लॅबमध्ये, आणि रविवारी तिथलंच साठ-सत्तर माणसांचं चर्च. सैन्यात जायला नकार देऊन त्याऐवजी हॉस्पिटलात बेडपॅन उचलायला आलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी ते काढलेलं. २००४ साली त्याला चाळीस वर्षं होणार, म्हणून इतिहासाची पुस्तिका ठरली आणि ती ताईंच्या गळ्यात पडली. मंडळाच्या तीन स्मरणिका काढल्याच्या अनुभवावर मी सल्ला दिला, "अध्यक्षांचा फोटो मोठा टाका. बाकी कोणी वाचत नाही."

पण ताईंना जुन्या खोक्यात एक पत्र सापडलं. लॉवेल नावाचा त्यांच्यातलाच एक पोरगा व्हिएतनामच्या वेळी सैन्यात गेला, तेव्हा चर्चने पत्र पाठवून त्याचं नाव कमी केलं होतं. ताईंनी लिहिलं, 'आम्ही लॉवेलला काढलं.' समितीला हवं होतं, 'लॉवेल सोडून गेला.'

त्या चर्चमध्ये मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. सहा बैठका झाल्या, छापखान्याची तारीख टळली.

"एका क्रियापदासाठी, ताई?"

"उद्या मंडळाने तुम्हाला काढलं मोरूभाऊ, आणि छापलं, सोडून गेले, तर?"

"बायको पेढे वाटेल."

"ती वाटेल. तुम्हाला चालेल का?"

मी विषय बदलला.

सातव्या बैठकीला मीही गेलो, कारण आधी जेवण होतं. समितीचे म्हातारे अध्यक्ष विल्मर म्हणाले, "वसुधा, लॉवेल अजून आहे. हे वाचून त्याला काय वाटेल?"

"फोन करून विचारलं मी. तो म्हणाला, मी सोडलं नव्हतं." ताईंनी पत्राची कॉपी पुढे सरकवली. "खाली सही तुमची आहे, विल्मर. हे वाक्य गेलं तर मी हो म्हणणार नाही. आठवी बैठक ठेवा, मी येईन. नववीलाही येईन."

मी ॲपल पाय चावायचा थांबलो, यावरून प्रसंग समजा.

विल्मरनी ताईंचा कागद ओढला, बराच वेळ वाचला. मग पेन्सिल मागितली.

"पत्रावर तारीख नाही म्हणून तू अंदाजाने मे लिहिलंयस. जानेवारी होता. बर्फ पडत होतं. पोस्टाच्या पेटीत मीच टाकलं."

ताईंनी त्यांच्या हातून कागद घेतला, मे खोडून जानेवारी लिहिलं आणि टेबलाभोवती पाहिलं.

"आणखी कोणाची हरकत?"