जळालेल्या कोठाराचा खटला

वकील लेमन प्रॅटचं कोठार जळालं, त्यात दोन घोडे होरपळून मेले, आणि दुसऱ्याच दिवशी हार्लो गावानं गुन्हेगारही ठरवून टाकला. टियर्नी! रेल्वेच्या रुळांवर राबणारा हा आयरिश मजूर त्या संध्याकाळी कोठारावरून पाइप ओढत गेला होता. त्याचं वकीलपत्र घ्यायला तालुक्यात कुणी तयार होईना.

"मी घेतो," न्याहारी करता करता लेमन म्हणाला.

त्याच्या बायकोचा, टॅबिथाचा घास हातातच राहिला. "अहो, घोडे आपले मेले, आणि तुम्हीच त्याची बाजू मांडणार?"

"दुसरं कोण मांडणार?"

खटल्याला गाव लोटलं. "वकीलसाहेब, धूर डोक्यात गेला काय?" मागून गावचा लोहार ओरडला. लोक खो खो हसले. टॅबिथा मान खाली घालून बसली होती.

सरकारी बाजू संपली. लेमन उठला आणि सरळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला.

"आभाळ भरून आलं होतं," तो म्हणाला. "मी घाई केली. गवत ओलसर होतं, तसंच आत रचलं. पुढं एकदा हात घातला, तर चटका बसला. उद्या उपसू, म्हटलं. त्याच रात्री आग लागली."

ओलं गवत आतून तापून पेटतं, हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होतं. लोहारानं डोक्यावरची टोपी काढली.

लेमन घरात यातलं अवाक्षर बोलला नव्हता. टॅबिथानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं संसार केला, तो हाच माणूस?

टियर्नी सुटला. पुढच्या निवडणुकीत गावानं लेमनला राज्याच्या विधानसभेत धाडलं. प्रचाराला लोहारच पुढं. तिथं लेमननं मागणी केली, की गरीब आरोपीला सरकारनं वकील द्यावा.

"मग कोंबडीचोराला कोंबडीपण द्या की!" एक सभासद म्हणाला. सभागृह हसून लोळलं. विधेयक पडलं. लेमननं पुन्हा मांडलं, पुन्हा पडलं. केस पांढरे झाले, तरी दर अधिवेशनाला हा आपला उभाच.

अखेर एका हिवाळ्यात ते मंजूर झालं. प्रेक्षकांच्या सज्ज्यातून टॅबिथानं पाहिलं: हसणारेच आता उठून टाळ्या वाजवत होते, आणि लेमन खाली बसून चष्मा पुसत होता.

परतताना बर्फावरून धावणाऱ्या घसरगाडीत त्यानं घोंगडी तिच्या गुडघ्यांवर ओढली. "गारठलीस?"

"अहो..." ती म्हणाली, आणि घोंगडीचं अर्धं टोक त्याच्या गुडघ्यांवर ओढलं.