वाणाची साबणवडी

मी आजवर तीन कंपन्यांची मेंबर झाले. एक टूथपेस्टसाठी, एक अंगाच्या साबणासाठी आणि तिसरी सासूबाईंच्या गुडघ्याच्या तेलासाठी. मेंबरला माल स्वस्त पडतो, बस, एवढंच; पुढे आणखी मेंबर जोडायच्या भानगडीत मी पडत नाही. हे तोंडावर सांगितलं की कंपनीचे लोक माझ्याकडे, नुसत्या प्रसादापुरतं देवळात आलेल्या माणसाकडे पुजारी पाहतो तसं पाहायचे. खरं सांगू, मला त्यात फार मजा यायची.

तेलवाल्यांनी एकदा साकोलीला मीटिंगला नेलं. मे महिन्याचं ऊन, हॉलमध्ये पंखे बंद आणि एक महाशय गळ्यात टाय आवळून उभे. "मॅडम, तुमचं स्वप्न काय आहे?" मी म्हटलं, "गुडघ्याचं तेल." बायका फिदीफिदी हसल्या. मग त्यानं पडद्यावर लाल मोटार दाखवली आणि नोकरी म्हणजे गुलामी म्हणाला. माझा नवरा रोज शहापूरहून वरठीच्या कारखान्यात मोटरसायकलनं जातो, त्या गुलामीवरच आमच्या घरी भात शिजतो. संध्याकाळी स्टँडवर पाहते तर काय, हाच माणूस टाय खिशात कोंबून एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतोय! लाल गाडी मिळाली म्हणायची बाप्पाला.

साबणवाल्या कंपनीची बाई आमच्याच गल्लीतली. तिची रीत ठरलेली. आधी एक वडी फुकट द्यायची, "वापरून तं पाहा वो, घेतलंच पायजे असं काई नाई." आठ दिवसांनी मेंबर व्हायचा फॉर्म घेऊन दारात हजर. जिनं वडी वापरली तिला नाही म्हणायची चोरी. मी तिच्याकडूनच माल घ्यायचे आणि तिच्याच नावानं गल्लीभर ओरडायचे, "अवो, घेऊ नका फुकटचं! आज साबण, उद्या फॉर्म!" समोरच्या वहिनी पोट धरधरून हसायच्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच मला न्हाऊ घातलं. सासूबाईंशी वाजलं की मी त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसायची. दुसरी जागाच नव्हती मला.

मागल्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर साबणवाल्या बाईनं सांगितलं, वर्षाचा ठरलेला माल उचलला नाही तर मेंबरशिप जाईल, म्हणजे सवलतही जाईल. मी मोठी शहाणी! पंचवीस वड्या उचलल्या आणि हळदीकुंकवाला त्याच वाण म्हणून वाटल्या. कोटाही भागला, वाणाचीही सोय झाली. बायकांनी वड्या मुकाट्यानं घेतल्या, वास छान आहे असंही कुणी म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, यांना काय कदर! प्लास्टिकची डबी दिली असती तर नाचल्या असत्या.

त्यानंतर वहिनींचं येणं बंद झालं. "काम आहे वो," म्हणायच्या आणि आत जायच्या. बाकीच्याही नळावर मी दिसले की पाण्याची गुंडी उचलून निघायच्या. गेल्या उडत, असं मी म्हणायची. पण सासूबाईंशी वाजलं की दारात उभी राहून समोरच्या ओट्याकडे पाहायची आणि परत आत यायची.

यंदा दुकानातून स्टीलच्या वाट्या आणल्या आणि घरोघर जाऊन बोलावणं केलं. चार जणी आल्या. वहिनी सगळ्यात शेवटी आल्या. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला. मी वाटी पुढे केली तर हात मागे घेतला. मग पिशवीतून मागल्या वर्षीची वडी काढून माझ्या ताटात ठेवली. वरचा कागदही फाटला नव्हता.

आमच्याकडे वाण कुणी परत करत नाही. भांडलेल्या जावासुद्धा करत नाहीत.

"वहिनी, हे काय वो?"

"मले काई मेंबर नाई व्हाचं बाई." त्यांचे डोळे भरले होते. "सालभर वाट पाहून राहिली मी. आज फॉर्म घेऊन येशीन, उद्या येशीन. तुले नाई म्हनाची हिंमत नोहोती, म्हनून तुह्या घरी येनंच सोडलं. तूच तं सांगतलं होतं, आज साबण, उद्या फॉर्म."

"अवो वहिनी, फॉर्म कायचा? मी तं फक्त सवलतीसाठी घेते."

"थे साबनवाली बी पयले असंच म्हने," वहिनी म्हणाल्या आणि वाटी न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ती वडी फोडली. फेस चांगला येतो, खोटं कायले बोलू. हात धुताना त्या साबणवाल्या बाईची आठवण आली, जिला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली. ती निदान आठव्या दिवशी फॉर्म घेऊन तरी येते. वहिनींनी तिला नाही म्हटलं असतं आणि मोकळ्या झाल्या असत्या. मी तेवढंही केलं नाही.