बेंबीखाली चार बोटं

"बेन, एंडोमेट्रिओसिस आहे," सोनोग्राफीचा रिपोर्ट बघत गुजराती डॉक्टर म्हणाल्या. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेरही वाढतो आणि पाळीत तोही सुजतो, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. माझ्या डाव्या अंडाशयावरची गाठ त्याचीच. मूल राहायला वेळ लागेल, असंही म्हणाल्या.

खरं सांगू? तरीही मला सुटल्यासारखं वाटलं! लग्न होऊन अमळनेरहून सुरतेला, गोडादऱ्यात आले तेव्हापासून दर पाळीला मी फरशीवर गडबडा लोळायचे. साड्यांना टिकल्या लावायचं काम तसंच पडून राहायचं. आता निदान दुखण्याला नाव होतं.

मूल हवं होतं, म्हणून हार्मोन टाळून नुसत्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या पुरेनात. तेव्हा डॉक्टरांनीच त्यांच्या दवाखान्यातल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या मॅडमकडे पाठवलं. "गाठ याने जाणार नाही हं. दुखणं कदाचित हलकं होईल."

मॅडमनी आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं, कारण त्या जागेखालीच मूत्राशय असतं. मग माझीच चार बोटं जुळवून बेंबीखाली आडवी ठेवायला लावली. करंगळी संपते तिथे, पोटाच्या बरोबर मधल्या रेषेवर त्यांनी बोट टेकवलं.

"हा सुईचा बिंदू, याला सीव्ही फोर म्हणतात. सुई फक्त मी लावणार. घरी बोटाने हलकंच दाबायचं, श्वास सोडताना. भरल्या पोटी नाही. कळ आली की हात काढायचा. आणि पाळी लांबली, तर इथे हातच लावायचा नाही. आधी माझ्याकडे यायचं."

सुई मुंगी चावल्यासारखी लागली. मग पोटात ऊब पसरली. पुढच्या पाळीला मी चक्क भाकरी थापत होते! सासूबाई बघतच राहिल्या. "पोरी, आज दुखस नही का?" दुखत होतं, पण सोसवत होतं.

काही महिन्यांनी पाळी लांबली. ओटीपोट जड झालं. सासूबाई काळजीने म्हणाल्या, "ती जागा जोरमा दाब, मोकळं व्हई." मी आडवी झाले, बोटं मोजून ठेवली, आणि मॅडमचे शब्द आठवून हात झटकन मागे घेतला. तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला.

मॅडमनी सुयांना हातही लावला नाही. "आधी टेस्ट. दिवस गेले असतील तर ही जागा दाबायची नसते."

दोन रेघा!

नवरा लूमच्या खात्यात, कापड विणायच्या कारखान्यात. त्या खडखडाटात त्याला फोनवर काही ऐकूच येईना. "काय? मोठ्याने बोल!"

"अहो, मी आई होणारे!" मी ओरडले. बाकड्यांवर बसलेल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. एकीने तर उठून माझे गाल कुरवाळले.

सुईमुळे मूल राहिलं, असं मी कुणाला सांगत नाही. डॉक्टरही तसं म्हणत नाहीत. पण तुम्हाला असं दुखत असेल तर आधी तपासणी करा. आणि ही जागा कुणी नीट दाखवल्याशिवाय, न दाबण्याची वेळ कोणती ते विचारल्याशिवाय, पोटाला बोट लावू नका.

पुढच्या सोनोग्राफीला सासूबाई सोबत होत्या. पडद्यावर काहीतरी इवलंसं फडफडत होतं. "हाई काय शे?"

"हृदय," डॉक्टर म्हणाल्या.

सासूबाईंनी आधी पडद्याला हात जोडले, मग डॉक्टरांना, आणि शेवटी मला. मी टेबलावर पडल्या पडल्या रडत होते, हसत होते.