हरकत नाही

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका होतील. चौथीनंतर लिहायचं काम फारसं पडलंच नाही. हे कोणाच्या हाती लागलं तर सांभाळून घ्यावं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते.

शेठच्या जिनाच्या, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाशी आम्ही सात-आठ बाया घागरी घेऊन उभ्या होतो. ऊन डोक्यावर आलेलं. शेठचा मुनीम बाहेर आला. घागरींकडं बघून धोतर आवरत दोन पावलं मागं सरला.

"ह्या काळ्या घागरी हितं आणू नका. विहिरीचा काठ घाण होतो."

आमच्या वस्तीतली चंद्राबाई जिभेची तिखट. ती म्हणाली, "मुनीमजी, घागर आमची हाय. काळं तुमचं हाय."

कोणी हसलं नाही. मुनीमानं पाणक्याला हाक मारली. "वाढ ह्यांना. वरून वाढ. हात लागला तर विहीर बाटंल."

पाणक्यानं छातीएवढ्या उंचीवरून बादली ओतली. निम्मं पाणी घागरीत, निम्मं आमच्या पायांवर. घरटी एक घागर. दुसरी मागायची नाही. खाली सांडलेलं पाणी वाहत गेलं, त्याकडं आम्ही सगळ्या बघत राहिलो.

आमचा महारवाडा कयाधूच्या काठी, हिंगोलीपासून दोन कोसांवर. गावाची विहीर आम्हाला बंद. जिनाचीही बंद. होळीनंतर नदी आटते. मग वाळूत खड्डा खणून झिरा करायचा आणि वाटी-वाटीनं घागर भरायची. तेच आमचं पिणं. त्या साली शेठच्या जिनात तेलावर चालणारं इंजन आलं. कापसाचा हंगाम संपला की इंजन धुवायचं आणि जळकं तेल नाल्यात सोडून द्यायचं. नाला आमच्या झिऱ्यांपाशीच नदीला मिळतो.

पहिल्या दिवशी पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग दिसले. मला छान वाटलं, खरं सांगते. वाटी बुडवली तर हाताला काळं चिकट लागलं. म्हशीनं वास घेतला आणि तोंड वळवलं. आम्ही फडक्यानं गाळून प्यालो. चंद्राबाईचं लेकरू तीन दिवस ओकत होतं. म्हणून त्या दिवशी आम्ही जिनाच्या फाटकाशी पाणी मागायला गेलो होतो.

कापूस आमच्याच हातानं वेचलेला. जिनात तो निवडायलाही आम्हीच. त्या कापसाला विटाळ नव्हता. त्याची वस्त्रं होऊन देवाच्या अंगावर चढायची.

चंद्राबाईच्या नवऱ्यानं तहसिलीत जाऊन गाऱ्हाणं घातलं. चौकशीला अंमलदार येणार असं कळलं. तो यायच्या आधी मुनीम आपल्या पायानं आमच्या वस्तीच्या कडेला आला.

"शिकलेलं कोण हाय तुमच्यात?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी तेव्हा अठराची. नवरा पटकीनं गेला होता, मी मायकडं परत आले होते. गावच्या मास्तरांनी लहानपणी मला वर्गाच्या दाराबाहेर बसवून चार इयत्ता शिकवलं होतं. वस्तीत अक्षर ओळखणारी मी एकटी. मी दाराआड झाले. मायनं पुढं ढकललं.

मुनीमानं एक कागद जमिनीवर ठेवला. शेजारी दौत आणि टाक. त्याच्याही शेजारी पंचवीस रुपये, निजामाच्या शिक्क्याचे. मग तो मागं सरला.

"शेठनं दिले. समद्यांनी नव्या घागरी घ्या. पैसे पोचले म्हणून सही कर. अंगठा नको. तू शिकलेली पोर."

कागद उर्दूत होता. कचेरीचं सगळं तेव्हा उर्दूतच. मला फक्त बालबोध, मराठीचं अक्षर, येत होतं. "मला हे वाचता येत न्हाई", एवढंच बोलायचं होतं. पण सगळी वस्ती बघत होती. आणि वरच्या माणसानं मला शिकलेली म्हणायची ती पहिलीच वेळ. मी कागद उचलला आणि डावीकडून उजवीकडं नजर फिरवत वाचल्याचं सोंग केलं. उर्दू उजवीकडून वाचतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मुनीम गालात हसला.

मी सही केली. सावकाश, गोल अक्षरात, वर सरळ रेघ ओढून. मुनीमानं कागदाची घडी करून खिशात घातली. टाक परत द्यायला लागले तर म्हणाला, "राहू दे तुझ्याजवळ."

मला ते बक्षीस वाटलं. पदरानं पुसून मी तो टाक देवापाशी ठेवला.

चार दिवसांनी अंमलदार आला. चावडीपुढच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसला. आम्ही लांब उन्हात. त्यानं कागद वाचला आणि मराठीत सांगितला. नाला जिनाचा आहे. त्यात तेल सोडायला वस्तीची काही हरकत नाही. बदल्यात पंचवीस रुपये पोचले. खाली माझं नाव.

"सही तुझीच का?"

"व्हय."

त्या दिवशी मी एवढाच शब्द बोलले. तो घोड्यावर बसून गेला.

टाकाचं तेव्हा कळलं. माझा हात लागला म्हणून टाक बाटला होता. कागदालाही तोच हात लागला होता. कागद बाटला नाही. त्यांच्या कामाचं असतं ते बाटत नाही. विटाळ म्हणजे काय ते मला शाळेनं शिकवलं नव्हतं, मुनीमानं शिकवलं.

परतताना चंद्राबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "चार बुकं शिकली अन् नदी इकून आली."



पैशाच्या घागरी आल्या. घरोघरी गेल्या. घागरी सगळ्यांच्या, नाव माझं एकटीचं. बाया नदीला निघाल्या की मला हाक येईनाशी झाली. मी गेले तर बोलणं थांबायचं. एकीनं झिऱ्यावर हात आडवा धरला. "हितं न्हाई. पल्याड जा, तुझा तू खण." हात तिचा होता. शब्द मी आधी जिनाच्या फाटकाशी ऐकलेले.

मी पल्याड खणला. त्यातही तेलच आलं.

दर साली होळी झाली की काळं यायचं. आषाढात पूर आला की वाहून जायचं. चौथीच्या पुस्तकात होतं, सगळ्या नद्या शेवटी समुद्राला मिळतात. मी समुद्र पाहिला नाही. एकटी वाळूत बसून वाटी भरताना वाटायचं, तिकडं खाली कोणत्या गावात कोणती बाई आत्ता फडक्यानं पाणी गाळत असेल. तिला माझं नाव माहीत नाही, एवढंच बरं.

जिनातलं काम मी सोडलं. लोकांच्या रानात कापूस वेचला, ज्वारी काढली, हळद खणली. मजुरीतून आणा-दोन आणे मडक्यात टाकत गेले. माय चिडायची. "काहून मरून राहिली गं? ते पैसे कोणी मागून तर न्हाई राहिलं."

"मागत न्हाईत म्हणूनच द्यायचे," मी म्हटलं.

ते पंचवीस रुपये शेठकडं परत गेल्याशिवाय ती ‘हरकत नाही’ पुसली जाणार नव्हती.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात रक्कम पुरी झाली. मी चंद्राबाईच्या दारात गेले. म्हटलं, "मुनीमाकडं चालले. येती का?" ती चुलीपुढून उठली नाही. "तुझी सही, तुझी वाट," म्हणाली.

फाटकाशी कापसाच्या गाड्या लागलेल्या. मुनीमानं मला ओळखलं नाही. सांगितल्यावर हसायला लागला.

"निजाम गेला बाई. आता कोणाच्या हुकमानं फेडायला आली?"

"माझ्याच."

"बरं. ठेव तिथं पायरीवर."

"पायरीवर न्हाई ठेवणार. हात पुढं करा. आन् आधी लिहून द्या. मराठीत. पैसे परत पोचले, आन् नाल्यात तेल सोडायला वस्तीची हरकत हाय."

माझा आवाज मलाच परका वाटला. गाडीवान माना वळवून बघायला लागले. मुनीमाचं हसू गेलं.

"आन् सोडलं तर?"

"होळीला इंजन धुवाल तवा मी नाल्याच्या तोंडाशी आडवी बसलेली असंन. दर होळीला."

"कोणकोण बसणार हाय?"

"मी."

त्यानं गाडीवानांकडं बघितलं. राज्य बदललेलं, आणि एवढी माणसं ऐकत होती. मग आत जाऊन कागद आणला आणि उभ्यानंच लिहिलं. मी तो दोनदा वाचला. त्यात वस्तीची हरकत आहे असं स्वच्छ लिहिलं होतं. घडी करून चोळीत ठेवला.

त्यानं हात पुढं केला. रुपयाला विटाळ नव्हता. मी एकेक रुपया त्याच्या तळहातावर ठेवत मोठ्यानं मोजत गेले, गाडीवानांना ऐकू जाईल असा. चोवीस. पंचवीस. पुरे झाले.