बेगमचा घास

परतवाड्याच्या निसर्ग केंद्रात बद्रुद्दीन रोजंदारीवर होता, पण जीव लावायचा तो घरच्यासारखा. तिथली जनावरं पुन्हा जंगलात न जाणारी. एक पाय तुटलेला कोल्हा, एक आंधळं घुबड, आणि त्याची लाडकी, एका पंखाची गिधाडीण. विजेच्या तारेवर तिचा पंख गेला, तेव्हापासून सात वर्षं ती त्याच्याच हातचं खात होती. तो तिला बेगम म्हणायचा. घरी बायको नईमा वैतागायची, "मले कधी असं मनवून जेवू घातलं का तुमी? त्या टकलीचे मात्र लाड!"

दोन हजार सहाचा शिमगा जवळ आला होता. कोंबड्यांवर साथ आली आणि केंद्रात येणारं कोंबडीचं मांस बंद झालं. दुसऱ्या मांसाची परवानगी साहेबाच्या टेबलावर पडून. साहेबाच्या पोटात थोडेच कावळे ओरडत होते! चौथ्या दिवशी बेगम जाळीच्या दाराशीच बसून राहिली, आणि बद्रुद्दीनला राहवेना.

त्याच दुपारी कळलं, शेजारच्या गावी खुशालरावांचा बैल मेला. घरचा बैल ते शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत पुरणार होते, खड्डाही खणून झाला होता. बद्रुद्दीन हात जोडून पुढं उभा राहिला. सगळं सांगितलं, आणि नीट खात्रीही केली. "भाऊ, साप तर नाई चावला? जहरबिहर?"

"नाई गा. म्हातारा झाला होता." खुशालराव बराच वेळ शिंगांवरून हात फिरवत राहिले. "घेऊन जाय लागते तेवढं. एखाद्या भुकेल्या जीवाच्या पोटाले तरी लागन." मग ते तोंड फिरवून बसले.

बेगम पोटभर जेवली. तिसऱ्या दिवशी तिची मान लोंबली. त्यानं पाणी पाजलं, चुचकारलं, रागावलाही, "उठ ना वं माय!" पाचव्या दिवशी ती गेली.

अमरावतीहून आलेल्या डॉक्टरांनी तिला उघडून पाहिलं. किडन्या पार निकामी झाल्या होत्या. "त्या बैलाला दुखणं थांबवायची सुई दिली होती का? ते औषध मांसात उरतं, आणि गिधाडाला ते विषच." जहराचं विचारलं होतं हो बद्रुद्दीननं. दवेचं विचारायचं कोणाला सुचणार?

दुसऱ्या दिवशी तो तडक खुशालरावांच्या वावरात गेला. खरंखोटं करायचंच होतं. ते धुऱ्यावर एकटेच बसले होते. त्यानं सुईचं विचारलं.

"देल्ली ना," खुशालराव म्हणाले. "चार दिवस देल्ली. लई तडफडून राह्यला होता गा, पाह्यलं नाई जाये. तेवढाच आराम त्याले." डोळे पुसून त्यांनी विचारलं, "खाल्लं ना तुया पाखरानं? जगलं ना?"

बद्रुद्दीन त्यांच्या शेजारी धुऱ्यावर बसला.

"जगली, भाऊ. तुमच्या बैलानंच जगवली."

खुशालरावांचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "मंग येतो ना उद्या पाह्याले तिले," ते म्हणाले.