आवाज क्लिअर होता

"एक-दोन-तीन म्हणा!" मी ओट्यावरून आत ओरडलो.

आतून पोरीचा आवाज आला, "एक, दो..." आणि पुढे नुसती खरखर. मंडपातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. गंधमुक्तीच्या मंडपात लोक आधीच खाली मान घालून बसलेले असतात. त्यात भोंगा खरखरला की साउंडवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गंधमुक्ती म्हणजे आमच्या खान्देशात मयतानंतर सुतक फिटतं तो दिवस. सगळा गोतावळा जमतो, श्रद्धांजलीची भाषणं होतात. हे गाव धुळे-पारोळा रस्त्यापासून थोडं आत. वारलेला माणूस एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होता. मागे बायको आणि एकुलती एक मुलगी सुनंदा. ऑर्डर दिली होती त्याच्या थोरल्या भावाने. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं.

नव्वदीची सुरुवात होती. धुळ्यात कॉर्डलेस माइक तेव्हा दोघातिघांकडेच, त्यातला एक माझ्याकडे. लोक लग्नात तो नवरदेवासारखा मिरवायचे. नानांनी तो मयताच्या घरी कशाला मागवला, हे मला आधी कळेचना.

"सूनबाईला बोलायचंय," नाना म्हणाले. म्हणजे वारलेल्या भावाच्या बायकोला. "ती काही मंडपात येणार नाही. आतूनच दोन शब्द बोलेल."

हे खरं होतं. विधवा बाई घरातला कोपरा धरून बसते, चौघांत येत नाही. शिवाय आमच्याकडे भावजय थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही. मनात म्हटलं, वा, नाना सुधारलेले दिसतात!

कसले सुधारलेले! पाव्हण्यांच्या चहाला बसलो तेव्हा खरा प्रकार कळला. घरात मयत झाली की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. नानांनी सुनंदाचं स्थळ ठरवून टाकलं होतं. नवरदेवाचा बाप मंडपात पुढेच बसला होता. उद्या कोणी म्हणायला नको की बाप गेल्याबरोबर काकाने पोर उजवून टाकली. म्हणून आईचा होकार आईच्याच तोंडून, भोंग्यावरून, सगळ्या गोतासमोर हवा होता. काय बोलायचं तेही त्यांनी घरच्या बायकांकरवी तिला सांगून ठेवलं होतं.

पण माइक खरखरत होता. कॉर्डलेसचं गणित सोपं असतं. माइकच्या पोटात छोटा ट्रान्समीटर, म्हणजे आवाज हवेतून फेकणारं यंत्र. तो आवाज झेलायला बाहेर रिसीव्हर नावाची डबी, तिला एरियल. डबीतून वायर अॅम्प्लिफायरला, तिथून भोंग्याला. माइक आणि डबी यांच्यामध्ये लोखंड आलं की आवाज अडतो. त्या घरावर पत्रे होते, मधल्या भिंतीला लोखंडी कपाट, कपाटाच्या पलीकडे ती बाई. माझी डबी मात्र मंडपात, स्टेजजवळ.

डबी उचलून ओट्यावर आणली, अगदी दाराच्या चौकटीला लावली. लांब वायर टाकून अॅम्प्लिफायरला जोडली. घराकडे तोंड असलेला भोंगा फिरवून वेशीकडे केला, नाहीतर भोंग्याचा आवाज परत माइकमध्ये शिरून कुई करतो. बॅटरी नवी घातली. मग माइक परत सुनंदाच्या हातात दिला. पोरगी बारीक, डोळे सुजलेले. बारावीला होती.

"आईला तोंडापासून चार बोटं लांब धरायला सांग," मी म्हणालो. "बटण वर केलं की चालू."

आतून आईचा आवाज आला. माइकवर नाही, असाच, दबका. "भाऊ, याम्हाईन बठ्ठास्ले ऐकू जाई ना?"

"सगळ्यांना जाईल, ताई."

"नवरदेवना बापले बी?"

"त्यांना तर आधी."

मग ती म्हणाली, "पोरले नर्सिंगले जानं शे. मी नही म्हननार शे."

माइक बंद पडला म्हणायची सोय माझ्याकडे होती, नानांचा राग टळला असता. पण खरं सांगतो, मला त्या बाईचा अभिमानच वाटला. तो माइक त्या दिवशी जितका जीव लावून सेट केला, तितका कधीच केला नसेल. पुन्हा टेस्ट घेतली. एक, दोन, तीन. घंटेसारखा खणखणीत.

भाषणं झाली. नानांनी पुकारलं, "आता आमच्या सूनबाई घरातून दोन शब्द बोलतील."

भोंग्यातून तिचा श्वास ऐकू आला. मग ती बोलली. "मनी पोरले शिकनं शे. तिना बापनी बी तीच इच्छा व्हती. आते लगीन करानं नही. माले मान्य नही."

बास, एवढंच. एक अक्षर तुटलं नाही. नवरदेवाचा बाप जमिनीकडे बघत होता. म्हातारी माणसं उपरणं सारखं करत होती. आता कोणीतरी उठेल, म्हणेल की आईची मर्जी नाही तर राहू द्या. मी वाट बघत होतो.

उठले ते नाना. स्टेजवरचा वायरचा माइक घेतला, घसा साफ केला. "हे बिनवायरचं मशीन नवीन आहे. खरखर झाली. सूनबाई काय बोलल्या ते कोणाला समजलं नाही. त्यांचा होकार आहे, हे मी तुम्हाला सांगतो."

मी उभाच राहिलो. "नाना, आवाज क्लिअर होता!"

नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या रांगेतले एक आबा म्हणाले, "नही रे भाऊ, काही समजनं नही." दुसरे म्हणाले, "खरखर व्हती." मग एकेक करत सगळ्या माना हलल्या. तेवढ्यात नारळ आला, सुपारी आली. नवरदेवाच्या बापाने ती घेतली.

मी घराकडे पाहिलं. दाराचा पडदा कोणीतरी आतून ओढून घेतला होता. माइक मला एका म्हाताऱ्या बाईने आणून दिला.

सामान टेम्पोत टाकून निघालो. वेशीजवळच्या टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाला स्टोव्हला पंप मारत म्हणाला, "बाई खरं बोलनी. पन मशीन खराब व्हतं म्हने."

त्या माणसाच्या डोक्यात चहा ओतावासा वाटला.

लग्न वैशाखात झालं. मला बोलावणं नव्हतं. उलट त्या भागातल्या ऑर्डरीच कमी झाल्या. धुळेवाल्याचा कॉर्डलेस खरखरतो, अशी बोंब झाली होती. शिव्या खाल्ल्या त्या माझ्या माइकने.

पुढे पारोळ्याला एका सप्ताहात माझा साउंड होता. कीर्तन संपलं, लोक पांगले. मी वायरी गुंडाळत होतो. एक बाई येऊन उभी राहिली. चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. आवाज ओळखला.

"भाऊ, त्या दिनले मशीन खराब व्हतं ना?"

तिला हो ऐकायचं होतं. अगदी स्पष्ट कळत होतं. पण मला तसं म्हणवेना.

"नाही, ताई. मशीन चांगलं होतं. सगळ्यांनी ऐकलं."

ती बराच वेळ अॅम्प्लिफायरकडे बघत राहिली. "माले वाटनं, बाहेर गयंच नही."

"सुनंदा कशी आहे?" मी विचारलं.

"शे." आहे, एवढंच ती म्हणाली आणि बायकांच्या मागे निघून गेली.

या धंद्यात माझे केस पांढरे झाले. बिघडलेला सेट मी कधी ना कधी दुरुस्त करतोच. पण चांगल्या चाललेल्या सेटला सगळ्यांनी मिळून खराब ठरवलं, तर तिथे कुठला स्क्रू फिरवायचा, ते मला कोणी शिकवलेलं नाही.