कर्णाबाईची सकाळची फेरी

तिला कर्णाबाई हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, पण का ठेवलं हे विचारायची वेळ कधी कोणावर आली नाही. शहराच्या जुन्या भागात ती पाहुण्यांना फिरवायची. नदीवरच्या पुलापाशी उभं राहून तिने "मागचे पुढे या" म्हटलं की घड्याळाच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडायची. अतिशयोक्ती नाही, उडायचीच. फुलबाजारामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. कर्णाबाईची फेरी गल्लीच्या तोंडाशी आली की ते खिडकी धाडकन लावून घ्यायचे आणि ती पाहुण्यांना सांगायची, "बघून घ्या, ही या गल्लीतली सगळ्यात जुनी चालरीत." पाहुणे हसायचे. मास्तरांना ते बंद खिडकीतूनही स्वच्छ ऐकू यायचं.

वसंत हा तिचा हंगाम. थंडी सरून नदीकाठची झाडं फुलांनी लगडली की बाहेरगावचे लोक दोन दिवसांची सुट्टी काढून लोटायचे, आणि त्या दोन दिवसांत त्यांना सगळं हवं असायचं. मनोऱ्यावर चढायचं, नावेत बसायचं, बाजारात फुलं हुंगायची, पुलावर फोटो काढायचे, संध्याकाळी बागेत गाणं ऐकायचं, आणि एवढं करून पाय मात्र दुखायला नकोत. कर्णाबाई त्यांना हे सगळं द्यायची. ती पाहुण्यांकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालायची. पाठीमागे कोण आहे ते न बघता "बाजूला व्हा" म्हणून ओरडायची आणि रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. तिच्या तोंडाचा पट्टा पुलापासून मनोऱ्यापर्यंत एकदाही थांबायचा नाही. "ही घरात स्वयंपाकघरातून बाहेर येतानाही उलटीच येते," असं तिचा नवरा सांगायचा. नवरा शिंपी. गरजेपुरतं बोलणारा माणूस, आणि त्याची गरजही फार नव्हती.

यंदाच्या हिवाळ्यात तिच्या घशात गाठ निघाली. गाठ साधी होती, ऑपरेशनही नीट झालं, पण आवाज गेला. उरला तो बंद दारामागे कोणी कुजबुजावं एवढाच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आहे तेवढा जपा. ताणलात तर हाही जाईल."

झाडांना कळ्या धरल्या तशी ती फेऱ्यांच्या ऑफिसात हजर झाली. तिथले साहेब भला माणूस, आणि भल्या माणसांना नकार द्यायला फार वेळ लागतो. त्यांनी आधी चहा मागवला, मग तब्येत विचारली, मग तिच्या जुन्या फेऱ्यांचं कौतुक केलं. इतकं कौतुक झाल्यावर कर्णाबाईने ओळखलं की काही खरं नाही.

"तुम्ही आता तिकीटखिडकीवर बसा," साहेब म्हणाले. "सावली आहे, पंखा आहे. खुर्चीला उशी देतो."

"मला फेरी हवी."

"बाई, फेरी करणार कशी? भोंगा वापरायचा म्हटलं तर जुन्या भागात त्याला बंदी आहे. आणि ती बंदी कोणाच्या आवाजाला कंटाळून लोकांनी..." साहेबांनी वाक्य अर्ध्यावर सोडून चहाचा घोट घेतला.

कर्णाबाई टेबलावर वाकली, म्हणजे तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचेल. "मनोऱ्यावर पोचल्यावर माणसाचं तोंड कसं होतं, ते मला बघायचं असतं. खिडकीतून मला फक्त हात दिसतील. एक फेरी द्या."

साहेबांनी दिली, आणि ती फेरी फसली. तिच्या पद्धतीने फसली हे त्यातलं दुःख. नेहमीसारखी ती उलटी चालायला लागली, पण "बाजूला व्हा" ओरडायला आवाज नव्हता, तेव्हा फुलांच्या हातगाडीवर जाऊन आदळली. म्हणून वळून सरळ चालू लागली. पाहुण्यांकडे पाठ करून चालायची तिला जन्मात सवय नव्हती. मागे वळून माणसं आहेत का हे बघायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं तिच्या आवाजानेच ती धरून ठेवली होती. कुजबुजत, हातवारे करत, पुलाची सगळी हकिगत सांगून ती मनोऱ्यापाशी पोचली आणि वळून बघते तर मागे फक्त एक नवं जोडपं, तेही एकमेकांतच गुंग. बाकीची मंडळी पिवळ्या छत्रीमागे केव्हाच निघून गेली होती. पिवळी छत्री तिच्या भाचीची. भाचीला हे काम कर्णाबाईनेच शिकवलं होतं. आपल्या घोळक्यात एवढी माणसं कुठून आली, याचा भाचीलाही पत्ता नव्हता.

"मावशी, असं करू," भाची नंतर हळूच म्हणाली. "तू पुढे चाल, मी बोलते."

"तू तुझी छत्री सांभाळ."

"काय म्हणालीस?"

कर्णाबाईने पुन्हा सांगितलं. भाचीने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत रागातली सगळी धार निघून गेली होती. कुजबुजून भांडता येत नाही, ही तिच्यासाठी अगदी नवीन अडचण होती.

घरी येऊन ती रडली. रडण्याचाही आवाज होत नव्हता, त्यामुळे नवऱ्याला ते जरा उशिराच कळलं. त्याने मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि तिच्याजवळ बसून म्हणाला, "उद्या दुकान बंद ठेवतो."

"कशाला?"

"मला फिरव. एवढ्या जगाला फिरवलंस, मी कधी आलो नाही."

दुसऱ्या दिवशी पुलावर ती त्याच्या कानाशी लागून पुलाची हकिगत सांगायला लागली. त्याने हाताने थांबवलं. "ही घरी ऐकलीय. पाठ आहे मला. तू नुसतं दाखव."

नुसतं दाखवायचं काय, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला. पुलावर पूल होता, खाली पाणी होतं. मग नवराच पुढे झाला आणि जिथे तिची फेरी कधी थांबली नव्हती तिथे थांबत सुटला. नावाड्याच्या शिडाला लावलेलं ठिगळ त्याने बोटांनी चाचपलं आणि "कोणी शिवलं? हात चांगला आहे," म्हणाला. नावाडी इतका खूश झाला की त्याने दोघांना नावेत घेऊन शिड कसं उभारतात ते दाखवलं. बाजारात नवऱ्याने फुलांच्या बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि पाणी किती गार आहे ते तिलाही बघायला लावलं. पावाच्या भट्टीच्या मागच्या दारात तो असा काही उभा राहिला की भट्टीवालीने आपणहून गरम पाव त्याच्या हातात ठेवला. कर्णाबाई या दारावरून दिवसातून कितीदा तरी गेली होती, बोलत बोलत. आतून एवढा वास येतो हे तिला माहीतच नव्हतं.

गल्लीत खिडकी उघडीच होती. मास्तर डोकावून म्हणाले, "बाईंना बरं नाही का? बरेच दिवस ऐकू आल्या नाहीत."

"घसा," नवरा म्हणाला.

"तरीच. चुकल्यासारखं वाटतंय." आणि मास्तरांनी खिडकी तशीच ठेवली.

त्या दिवसापासून कर्णाबाईने कंबर कसली. रोज पहाटे उठून ती एकटीच तो रस्ता तुडवू लागली. ज्या जागा तोंडाने सांगाव्या लागतात त्या तिने काढून टाकल्या. जुनी वेस गेली, तिथल्या लढाईची तिची सगळ्यात आवडती गोष्ट गेली. ते काढताना तिचा जीव तुटला, पण काढली. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, नाकाला येतं, तोंडात घालता येतं तेवढं ठेवलं. भट्टीवालीकडून मागचं दार उघडं ठेवायचं कबूल करून घेतलं. पाहुण्यांच्या हातात वल्हं द्यायला नावाडी तयार नव्हता. त्याच्याशी ती तीन सकाळी हुज्जत घालत बसली, तीही खुणांनी. शेवटी त्याने हात टेकले. आणि सरळ चालताना दर वळणावर मागे बघायचं, हे तिने स्वतःला लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं.

मग ती पुन्हा साहेबांसमोर उभी राहिली. "सकाळची फेरी द्या. बाजार मांडत असतात तेव्हाची. तेव्हा गर्दी नसते. थोडीच माणसं घेईन."

"सुट्टीवर आलेला माणूस कधी पहाटे उठतो का, बाई?"

"काही उठतात."

साहेबांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "एक फेरी," ते म्हणाले. "पण कोणी अर्ध्यातून परत आलं तर विषय संपला. मग उशीवाली खुर्ची. पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार," कर्णाबाई म्हणाली.

त्या सकाळी तिकीटखिडकीवर भाचीच बसली होती. झाडांखाली पाकळ्यांचा सडा पडला होता आणि रस्ता झाडणारा त्यांच्या नावाने बोटं मोडत होता. वेळ झाली तेव्हा फेरीला आली ती एकच बाई. सत्तरीच्या पुढची, हातात काठी, पायात नवेकोरे बूट. तिने खिडकीशी येऊन असं काही बोलायला सुरुवात केली की रस्ता झाडणाऱ्याने झाडू थांबवला.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "कानातलं मशीन हॉटेलवर राहिलं. तुमच्या बाईंना म्हणावं, जरा मोठ्याने बोला."

भाचीने मावशीकडे बघितलं आणि ती खुर्चीवरून अर्धी उठली. "मावशी, या वेळी तरी हट्ट करू नकोस. मी येते."

भाचीचं चुकत नव्हतं. ही बाई रस्त्यात कंटाळून परत फिरली की सगळंच संपणार होतं. पण भाचीला सोबत घेतलं तर ती फेरी भाचीची होणार, हेही कर्णाबाईला दिसत होतं. तिने मानेनेच नाही म्हटलं. मग त्या बाईसमोर जाऊन आपल्या गळ्यावरचा व्रण दाखवला, ओठांवर बोट ठेवलं आणि मग ते बोट डोळ्यांकडे नेलं.

बाईने व्रण नीट निरखला. "बरं," ती गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मग निघू या. इथे उभं राहून काय दिसणार?"

बाजारात तिने बादलीत हात घातला आणि गार पाण्याने दचकून हसली. भट्टीच्या दारात पाव खाताना तिने तोंड पोळून घेतलं आणि तरी दुसरा मागितला. नावेत तर तिने वल्हं धरलं ते सोडेचना. नावाडी कर्णाबाईकडे असा बघत होता की जणू तिनेच त्याची नाव विकायला काढलीय. कर्णाबाई दर वळणावर मागे बघत होती. मागे माणूस एकच, तरी बघत होती.

मनोऱ्याच्या जिन्यात मात्र घात झाला. जिना अरुंद, पायऱ्या उंच. अर्ध्यावर बाई धापा टाकत खाली बसली. काठी आडवी ठेवून म्हणाली, "माझं झालं हो. गुडघे ऐकत नाहीत. मी इथूनच परत जाते."

पूर्वीची कर्णाबाई असती तर तिने एक विनोद सांगून, दोन धीराच्या गोष्टी बोलून, बाईला वर चढवलंच असतं. आता तोंडाशी आलेलं सगळं तोंडातच राहिलं. तिला आतून ओरडावंसं वाटत होतं, की अहो, थोडंच उरलंय, माझं सगळं तुमच्या गुडघ्यांवर आहे. पण ते सांगणार कसं, आणि सांगणं बरं तरी होतं का? बिचारी खरोखरच दमली होती. कर्णाबाई तिच्या शेजारी पायरीवर बसली. बाईने हो म्हटलं तर वर, नाही म्हटलं तर हात धरून खाली, असं मनाशी ठरवून तिने पाठ भिंतीला टेकवली.

तेव्हा पाठीला काहीतरी लागलं. भिंतीच्या आतून एक बारीक धक्का आला. थांबून पुन्हा आला. तिने वळून दगडावर तळवा ठेवला. वरच्या मोठ्या घड्याळाची टिकटिक भिंतीतून इथपर्यंत उतरत होती. या जिन्यात ती आयुष्याचा एवढा काळ चढली-उतरली होती आणि हे तिला कधी कळलं नव्हतं, कारण इथे ती कधी गप्प बसली नव्हती. तिचे डोळे भरून आले. तिने बाईचा हात धरला आणि तिचा तळवा दगडावर टेकवला.

बाई आधी गोंधळली. मग एकदम तिची बोटं ताठ झाली. "हे काय आहे?"

कर्णाबाईने वर बोट दाखवलं.

बाईने दुसराही तळवा दगडाला लावला. नंतर तिने काठी उचलली. "हळूहळू चढू," ती म्हणाली. "मला घाई नाही."

त्या हळूहळू चढल्या. दर चार पायऱ्यांनी बाई थांबायची, भिंतीला हात लावायची आणि मान डोलवायची. वर पोचल्यावर घड्याळाच्या चाकांमागच्या खिडकीतून सगळं शहर दिसलं, नदी, फुललेली झाडं, बाजारातल्या छपरांवरच्या पाकळ्या. कर्णाबाईने मात्र शहराकडे बघितलं नाही. ती बाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

परत यायला त्यांना इतका उशीर झाला की साहेब स्वतः ऑफिसबाहेर येऊन उभे होते. भाचीही खिडकी सोडून आली होती. दोघी अगदी सावकाश येताना दिसल्या तशी, फेरी अर्ध्यावरच मोडली असणार असं वाटून, तिने डोळेच मिटून घेतले.

"फेरी पूर्ण झाली का?" साहेबांनी काठीवाल्या बाईला विचारलं. "काही तक्रार?"

बाईला अर्थातच काही ऐकू गेलं नाही. ती साहेबांना ओलांडून खिडकीशी गेली, तिथे कोणी नाही हे बघून परत फिरली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात कर्णाबाईला म्हणाली, "मी आज संध्याकाळी जाणार होते, आता एक दिवस वाढवते. माझी बहीण हॉटेलवर झोपलीय, तिला उठवून आणते. उद्या किती वाजता यायचं?"

साहेबांनी कर्णाबाईकडे बघितलं. भाचीने बघितलं. सगळे ती काय म्हणते याची वाट बघत राहिले. कर्णाबाईला काही बोलताच येईना, आणि या वेळी त्यात घशाचा काही दोष नव्हता.